आप्पांची हॅट

आमच्या रायपूरच्या घरी, तात्यापाऱ्यात, ओसरीच्या भिंतीला दोन खुंट्या होत्या. एकीवर काळी टोपी, दुसरीवर तपकिरी हॅट. दोन्ही फेल्टच्या आणि दोन्ही एकाच डोक्याच्या. ते डोकं माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं. १९४१ साली ते बंगाल-नागपूर रेल्वेत चिकटले आणि १९७८ साली निवृत्त झाले. कचेरीत जाताना हॅट. घरी आले की हॅट खुंटीला आणि काळी टोपी डोक्याला. गणेशोत्सव, लग्नमुंज, कुणाच्या दारावर समाचाराला जाणं, सगळं काळ्या टोपीत. १९८३ साली लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा त्यांची नोकरी संपून पाच वर्षं झाली होती. तरीही महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन आणायला जाताना हॅट निघायचीच. सरकारी पैसा हॅट घातल्याशिवाय मोजून घ्यायचा नाही, असा काहीतरी त्यांचा नियम होता.

हॅट ही आपल्याकडे मुळात परक्याची खूण. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज वगैरे झाडून सगळ्या युरोपीय मंडळींना 'टोपीकर' याच एका नावात बसवलेलं आहे. १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी छत्तीसगडात येऊन राहिली, त्यांच्या डोक्यावर पागोटी होती. १८५४ साली ते राज्य खालसा झालं. मग कचेऱ्या आल्या, रेल्वे आली, पागोट्याची टोपी झाली आणि एखाद्याची हॅट झाली. सासूबाईंना मात्र ती हॅट शेवटपर्यंत आवडली नाही. "हॅट घातली की माणूस आपला वाटत नाही," म्हणायच्या. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं: "भगतसिंगानं हॅट घातली म्हणून तर वाचला." गोष्ट खरी आहे. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर लाहोरहून निसटताना भगतसिंगांनी ओव्हरकोट आणि फेल्ट हॅट चढवली होती. दुर्गाभाभी साहेबाची पत्नी झाल्या होत्या आणि आपले खेडचे राजगुरू सामान वाहणारा नोकर. गाडीत कुणाला संशय आला नाही. पुढे १९२९ साली दिल्लीत काढलेला हॅटमधला तो फोटो तर घरोघरी लागला.

आता माझा पराक्रम सांगते. लग्नानंतरची पहिली दिवाळी. नव्या सुनेचा उत्साह. मी काळी टोपी खुंटीवरून काढली, गरम पाण्यात साबणाचा फेस केला आणि चांगली खसाखसा चोळून उन्हात टाकली. संध्याकाळी पाहते तर टोपी पाच वर्षांच्या पोराला बसेल एवढी. मला रडूच कोसळलं. आप्पांनी ती उचलली, आरशासमोर उभं राहून डोक्याच्या मागच्या अंगाला टेकवली आणि चारही दिवस तशीच घालून घरोघरी फराळाला गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. लोक हसत होते आणि हे गंभीरपणे चकली खात होते!

टोपी का आटली ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. फेल्ट हे कापड नव्हेच. त्याला ताणा नाही, बाणा नाही. लोकरीच्या किंवा सशाच्या केसाला सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि अडकले की सुटत नाहीत. असं दाबत, आटवत नेलं की फेल्ट तयार होतं. काश्मिरी नमदा तो हाच. कारखान्यात जे मुद्दाम करतात, तेच मी न्हाणीघरात करून बसले होते. म्हणूनच फेल्टला कसर लागली तर रफू करता येत नाही. रफूवाला धागा धरणार कुठे?

आप्पा १९८९ साली गेले. हॅट एका ट्रंकेत गेली, त्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांबरोबर, आणि तिथेच राहिली. यंदा ती बाहेर निघाली याचं कारण आनंदाचं नाही. आमचं घर पाडून तिथे इमारत होणार आहे. दोन भावांना दोन फ्लॅट. त्यामुळे माळ्यावरचं, ट्रंकेतलं, पलंगाखालचं सगळं अंगणात मांडलं आणि काय ठेवायचं, काय काढायचं यावर रोज संध्याकाळी पंचायत बसू लागली. पितळेची घंगाळी कुणी न्यायची यावर वाद झाला. हॅट मात्र कुणालाच नको होती. अवस्थाही तशीच होती. कड एका बाजूने भिजल्या पापडासारखी लोंबलेली, माथ्यावर कसरीची तीन भोकं, रिबनीवर बुरशी.

धाकटे भाऊजी व्यवहारी. त्यांनी फोनवर फोटो काढला, कुठे कुठे पाठवला आणि दोन दिवसांत मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी त्यांना सापडला. तो फोनवर मलाच प्रश्न विचारू लागला आणि मी थक्क झाले. आतली चामडी पट्टी मूळची आहे का? तिच्यामागे कागदाची चिठ्ठी आहे का? माप काय? रिबनीची शिवण हाताची की मशीनची? पट्टी हलक्या हाताने उलटून पाहिली तर खरंच पिवळी चिठ्ठी निघाली. माप ७⅛, म्हणजे डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर. पट्टीवरची सोनेरी अक्षरं घामाने पुसलेली. शेवटी 'इटली' तेवढं वाचता येत होतं.

इटली म्हटल्यावर गृहस्थांचा आवाज बदलला. इटलीत आलेस्सांद्रिया नावाचं गाव आहे, तिथे १८५७ पासून बोर्सालिनोच्या हॅट बनतात. जुन्या हॅटींच्या शौकिनांत हे नाव म्हणजे आपल्याकडच्या पैठणीसारखं. लंडनची लॉक कंपनी तर १६७६ सालची. या शौकिनांचं जगच वेगळं. आपण ज्याला सरसकट हॅट म्हणतो त्यात त्यांचे फेडोरा, होमबर्ग, ट्रिल्बी असे भेद. फेडोरा हे नाव १८८२ सालच्या एका फ्रेंच नाटकाच्या नायिकेवरून आलं. म्हणजे पुरुषांच्या डोक्यावर इतकी वर्षं मिरवणारी ती वस्तू मुळात एका बाईच्या नावाची. सासूबाईंना हे सांगायला हवं होतं.

व्यापाऱ्याने न पाहताच चार हजार देऊ केले. वर म्हणाला, "ताई, भोकांची काळजी करू नका. मी ती नवीच करून टाकतो. कड कापून बारीक करतो, पट्टी बदलतो, रिबन नवी लावतो, रंग काढतो. देव आनंदची हॅट म्हणून चुटकीसरशी जाईल."

इथे माझं डोकं फिरलं. एक तर 'ज्वेल थीफ'मधली देव आनंदची ती टोपी फेल्टची हॅट नव्हती. चौकड्यांच्या कापडाची होती. पण ते सोडा. कड कापली, पट्टी फेकली, रिबन बदलली तर त्यात आप्पांचं उरलं काय? त्या पट्टीवर त्यांच्या घामाचा डाग आहे. पुढे माथ्याला चिमटीत धरायची त्यांना सवय होती, तिथे फेल्ट झिजलेलं आहे. आणि व्यापाराच्या दृष्टीनेही हे शहाणपण नव्हे, हे मला नंतर वाचून कळलं. जाणता संग्राहक मूळ पट्टी, मूळ अस्तर, मूळ रिबन यांनाच किंमत देतो. नवी करून टाकलेली हॅट त्याला नको असते. तरीही व्यापारी तसं करतात, कारण घेणारा नवशिका असतो आणि त्याला वस्तू चकचकीत हवी असते. टोपी घालणं हा वाक्प्रचार उगीच नाही पडला.

भाऊजींना मी नको म्हटलं. ते चिडले नाहीत, पण म्हणाले, "वहिनी, फ्लॅटमध्ये ती टांगणार कुठे? खुंट्या तरी आहेत का तिथे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे हे नेहमीप्रमाणे पेपरात तोंड घालून बसले होते.

पुण्याला राजा केळकर संग्रहालय आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला सुरुवात केली ती राजेरजवाड्यांच्या दालनांपुरती नव्हे. अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, पोळपाट, जे घरोघरी अडगळीत पडलं होतं ते त्यांनी उचललं. आणि मुख्य म्हणजे ते नवं करून ठेवलं नाही. आमच्या बाजूला, नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. १९५६ सालच्या धम्मदीक्षेच्या आयोजनात असलेल्या वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातल्या वस्तू तिथे जमा केल्या. बाबासाहेबांचे कपडे आहेत, त्यांचं टंकलेखन यंत्र आहे. काळाने कापड जीर्ण होऊ लागलं तेव्हा त्यावर शास्त्रीय प्रक्रिया करून ते जपावं लागलं. तिथे कुणी म्हणालं नाही की बाही फाटली, नवी शिवून टाका. मोठ्या माणसाच्या कोटाला जो न्याय, तो आमच्या आप्पांच्या हॅटला का नको?

मग मी दुरुस्तीला लागले. पहिलं काम कसरीचं. हॅट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवली, दोन आठवडे. संग्रहालयांतही लोकरी वस्तू अशाच गोठवतात, मात्र तिथे थंडी उणे वीस अंशांच्या आसपास असते. घरचा फ्रीजर तेवढा गार होतो का ते पाहून घ्यावं. (जाऊबाईंनी मटारची पिशवी समजून एकदा ती बाहेर काढली, ते जाऊ दे.) नंतर मऊ ब्रशने, केसांच्या कलाने, धूळ झाडली. गडद हॅटला गडद केसांचा ब्रश आणि फिकीला फिका, हे पाळायचं. भोकांसाठी कडेच्या आतून, पट्टीखालून, रेझरने थोडा फेल्टचा भुगा खरवडला आणि कणभर चिकट लावून भोकात बसवला. रफूवाल्याला न जमलेलं काम भुग्याने केलं. लांबून दिसत नाही. जवळून दिसतं, दिसू दे.

राहिली लोंबणारी कड. रायपुरात हॅट नीट करणारा कुणी मला सापडला नाही. गोलबाजारात टोप्यांच्या दुकानात विचारलं तर पोरगा क्रिकेटची टोपी दाखवू लागला. पूर्वी टोप्यावाल्यांकडे लाकडी कालबूत असे, त्यावर टोपी ओढून आकार देत. तेही आता दिसत नाही.

उपाय घरातच फिरत होता. फ्लॅटमध्ये न्यायचं सासूबाईंचं कपाट पॉलिश करायला एक म्हातारे कारागीर यायचे, आरंगकडचे. त्यांनी हॅट हातात घेतली, स्पिरिटचा बोळा रिबनीखाली जरा घासला, बोट टेकवलं, बोट चिकटलं. म्हणाले, "ये तो लाख आय, दाई."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे आपली लाख! कोशिंब, पळस, बोर यांच्या फांद्यांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती. महाभारतातलं लाक्षागृह हिचंच. छत्तीसगडच्या जंगलातलं हे जुनं उत्पन्न आहे. आजही देशात लाख पिकवण्यात झारखंड आणि छत्तीसगड पुढे आहेत आणि आमच्या शेजारच्या धमतरीत लाखेचा व्यापार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. १९०० साली रायपूरहून धमतरीला छोटी लाईन सुरू झाली. आप्पांच्या ऐन नोकरीची काही वर्षं त्या लाईनीवर गेली. ही लाख धुऊन, वितळवून तिचा पापडासारखा चपडा करत आणि तो परदेशी जाई. तिथे तो दोन मोठ्या कामांना लागे: ग्रामोफोनच्या तबकड्या आणि फेल्टच्या हॅट. हॅटची कड ताठ राहते ती लाखेमुळे. एरवी फेल्ट कांबळ्यासारखंच लोळणार.

त्या ट्रंकेत हॅट आणि तबकड्या एकत्र पडल्या होत्या, इतकी वर्षं! जिथून लाख गेली तिथेच परत आली होती, इटलीला जाऊन आणि कलकत्त्याच्या दुकानातून आप्पांच्या डोक्यावर चढून. ती नेमक्या आमच्याच जंगलातली होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. बंगालकडची असेल, छोटा नागपूरची असेल. पण जातभाई नक्की.

लाखेचा गुण असा की ती उष्णतेने मऊ होते आणि गार झाली की घट्ट. म्हणून तर तबकड्या उन्हात वाकड्या होतात. म्हणजे आधी नवी लाख लावायची गरजच नव्हती. किटलीच्या वाफेवर कड धरायची, ऊब लागली की बोटांनी सरळ करायची आणि गार होईपर्यंत सपाट धरून ठेवायची. तीन वेळा केलं. एक बाजू तरी दबतच राहिली. तिथली लाख संपलेली होती. तेव्हा म्हाताऱ्यांनी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला, पाण्यासारखा पातळ, आणि कडेच्या खालच्या अंगाने, बोळ्याने, दोनच हात दिले. मी म्हटलं, आणखी एक द्या. "ना दाई, फेर पटिया हो जाही." जास्त झालं की फळी होईल. खरं होतं ते. लाख जास्त झाली की फेल्ट कडक होतं, चकाकतं आणि पुढे मोडतं. चामडी पट्टीला मी तेल लावलं नाही. तेलाने जुनं चामडं काळं पडतं आणि तेल फेल्टमध्ये उतरतं. चामड्याचं क्रीम अगदी नखभर, तेवढंच.

एक गोष्ट मात्र कळली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि ती वाचकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. सशाच्या, बीव्हरच्या केसांचं फेल्ट नीट जमावं म्हणून त्या केसांना पूर्वी पाऱ्याचं द्रावण लावत. त्या वाफांनी हॅट बनवणाऱ्या कारागिरांचे हात थरथरायला लागायचे, बोलणं अडखळायचं, डोक्यावर परिणाम व्हायचा. इंग्रजीत 'वेडा हॅटवाला' ही म्हण आहे ती उगाच नाही. अमेरिकेत ही पद्धत १९४१ साली बंद केली. संग्रहालयांनी जुन्या हॅटी तपासल्या तेव्हा काहींत अजूनही पारा सापडला. आणि मी बंद स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्यावर, किटलीच्या वाफेत तोंड घालून उभी होते! शेजारी सात वर्षांचा नातू. एका वेळेच्या वाफेने कुणाला काही होईल असं नाही, पण केसांच्या फेल्टची जुनी हॅट घरात असेल तर काम उघड्यावर करा, हातमोजे घाला, हात धुवा, आणि ती पोरांच्या खेळण्यात देऊ नका. ज्या वस्तूने तिच्या कारागिराचे हात थरथरवले असतील, तिच्याशी एवढं सांभाळून वागायला हरकत नाही. आपल्या काळ्या टोपीची भीती नको; लोकरीच्या फेल्टला पारा लागत नाही, लोकर आपली आपण जमते. ते मी सिद्ध करून दाखवलंच आहे.

ठेवण्याचंही एक शास्त्र आहे. हॅट कडेवर टेकवायची नाही, माथ्यावर उलटी ठेवायची. नाहीतर कड पुन्हा वाकते. खुंटीवर टांगली की माथ्यात खुंटीचा कोंब उमटतो. आप्पांच्या हॅटला तो आहे, मी तो काढला नाही. डांबरगोळ्या घालायच्याच तर फेल्टला चिकटू द्यायच्या नाहीत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर हॅट ठेवायचीच नाही.

गेल्या रविवारी भाऊजी आले. हॅट टेबलावर उलटी ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली, चिमटीत न धरता दोन्ही हातांनी कडेला धरून उचलली. हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. आरशासमोर गेले. डोकं त्यांचं थोडं मोठं, ५८ असावं. हॅट पुढे उतरेना. मागच्या अंगाला टेकून बसली.

मला एकदम ती दिवाळी आठवली. मी आत चहा टाकायला गेले. बाहेर आले तेव्हा भाऊजी हॅट घालूनच बसले होते आणि आमचे हे पेपर बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहत होते.

"व्यापाऱ्याचा परत फोन आला होता," भाऊजी म्हणाले. "पाच म्हणतोय."

"मग?"

"मग काय. सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे."

पुढच्या महिन्यात घर पाडायला घेतील. सुताराला सांगून ओसरीतल्या त्या दोन खुंट्या उपटून घेतल्या आहेत. सागाच्या आहेत, जड आहेत. त्यांना पॉलिश करायचं का, यावर सध्या पंचायत चालू आहे.